कौसल्येचा आवाज

गीतरामायण म्हटलं की बाबूजी, म्हणजे सुधीर फडके आठवतात. आज थोडं त्यांच्या पत्नीविषयी.

ललिता देऊळकर लग्नाआधीच नावाजलेल्या पार्श्वगायिका होत्या. 1948च्या ‘नदिया के पार’मध्ये त्या महंमद रफींबरोबर गायल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला उभे राहिले तेही रफीसाहेबच! 1955मध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा कौसल्येसाठी त्या गायल्या. मुलगा श्रीधरही संगीतकार झाला. त्या घरातल्या सुरांचं सारं श्रेय एकट्या बाबूजींना देणं मला अन्यायाचं वाटतं.

घरोघरी वाजतं ते बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं गीतरामायण. आकाशवाणीचं मूळ ध्वनिमुद्रण कधी कानी पडलं, तर ललिताबाईंची कौसल्या जरूर ऐका आणि मुलाबाळांनाही त्यांचं नाव सांगा.