मुक्त सॉफ्टवेअर: दान आणि उत्सर्ग

मुक्त सॉफ्टवेअरचे परवाने कायद्याच्या भाषेत लिहिलेले असतात, पण त्यांच्या मुळाशी देण्याविषयीचा एक जुना प्रश्न आहे: दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याची अट राहावी का? धर्मशास्त्राने दान आणि उत्सर्ग यांत भेद केला आहे. दानात देणाऱ्याचे स्वत्व संपते आणि घेणाऱ्याचे सुरू होते. गाय दिली की ती त्याची झाली. तळ्याच्या उत्सर्गात मात्र मालकी सोडली जाते ती कोणा एकासाठी नव्हे, सर्व प्राणिमात्रांसाठी. खोदणारा पुढे त्याच तळ्याचे पाणी पितो, पण चारचौघांतला एक म्हणून.

एमआयटी आणि बीएसडी हे परवाने दानाच्या जातीचे आहेत. मूळ लेखकाचा उल्लेख आणि परवान्याचा मजकूर राखला, की कोड कोणीही घ्यावा, बदलावा, कुलूप लावून विकावा. ॲपलच्या मॅकमध्ये फ्रीबीएसडीचा कोड आला तो याच वाटेने. अँड्र्यू टॅननबॉम यांची मिनिक्स ही प्रणाली इंटेलने आपल्या चिपांमधील मॅनेजमेंट इंजिनात बसवली, म्हणजे संगणकाच्या मालकाचाही हात पोचत नाही अशा जागी. 2017 साली टॅननबॉम यांनी इंटेलला खुले पत्र लिहिले. कळवण्याचे बंधन नव्हते हे त्यांनी मान्य केले. कोणी सांगितले असते तर बरे वाटले असते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दान पुरे झाले होते, त्यामुळे याहून अधिक काही म्हणण्याचा हक्क उरला नव्हता.

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1989 मध्ये लिहिलेला जीपीएल उत्सर्गाकडे झुकतो, तरी त्यात मालकी सोडलेली नाही. कॉपीराइट हाती ठेवून त्याच्याच बळावर अट घातली आहे, की पुढे वाटणाऱ्याने घेणाऱ्याला सोर्स कोड आणि हेच सारे अधिकार द्यावेत. यावर आक्षेप असा, की कोडचे तळे घागरीने आटत नाही. कोणी एक प्रत बंद केली म्हणून मूळ कोड कमी होत नाही, मग पहारा कशाला? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात तिसरा माणूस सुटतो. ज्याच्यापर्यंत फक्त ती बंद घागरच पोचते, त्याला तळे असून नसल्यासारखे. बीएसडी पहिल्या घेणाऱ्याचे स्वातंत्र्य जपतो, जीपीएल शेवटच्याचे. खरा मतभेद इथे आहे, आणि बंद प्लॅटफॉर्मवर तो उघडा पडतो.

बंद प्रणालीचा स्पर्शच नको, अशी भूमिका स्टॉलमन यांचीही नव्हती. मुक्त प्रणाली अजून तयार नसताना त्यांच्या ग्नू या मुक्त प्रणालीची साधने बंद युनिक्सवरच लिहिली गेली, आणि पर्याय उभा करण्यासाठी हे क्षम्य आहे, असे त्यांनी मानले. म्हणूनच बंद प्रणालीसोबत येणाऱ्या नेहमीच्या घटकांवर चालण्याची सवलत जीपीएलमध्ये आहे. पुढे टीव्हो या रेकॉर्डरने नवी अडचण दाखवली. कोड उपलब्ध होता, पण बदललेला कोड ते यंत्र चालवू देत नसे. जीपीएलच्या 2007 च्या तिसऱ्या आवृत्तीने घरगुती उपकरणांवरील अशा कुलपाला मनाई केली. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना ती पटली नाही. लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला.

व्हीएलसी या प्लेअरचे प्रकरण यातले सर्वांत बोलके. 2010 मध्ये तो ॲपलच्या ॲप स्टोअरवर आला. स्टोअरच्या अटी वापरावर मर्यादा घालत होत्या, आणि जीपीएल तर जादा निर्बंध लादू देत नाही. व्हीएलसीच्याच एका प्रमुख लेखकाने, रेमी देनी-कुरमों यांनी, हरकत घेतली; जानेवारी 2011 मध्ये ॲप काढले गेले. आयफोनधारकाच्या हातून मुक्त प्लेअर गेला, तोही स्वातंत्र्याच्याच नावाने, असे अनेकांना वाटले. तरी हरकत न्याय्यच होती. अनेकांनी मिळून, एका वचनावर विसंबून जे दिले, त्याचे वचन एकट्याने सैल करता येत नाही.

पुढचा मार्गही म्हणूनच योग्य ठरला. योगदान देणाऱ्यांना शोधून त्यांची संमती घेतली गेली, आणि प्लेअरचे इंजिन जीपीएलवरून अधिक सैल अशा एलजीपीएलवर आणले गेले. जुलै 2013 मध्ये व्हीएलसी आयफोनवर परतला. त्या ॲपला जीपीएलच्या जोडीने मोझिलाचा परवानाही देण्यात आला. त्याचा कोड आज कोणालाही वाचता येतो, बदलताही येतो. बदललेली प्रत फोनवर चालवायची, तर मात्र ॲपलने दिलेले प्रमाणपत्र लागते.