जुन्या पियानोचे मोल



मागे एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आम्हांला थांबवून म्हणाले, "फादर, पियानोची किंमत कशी काढतात?" धामणगाव बढे येथे हा प्रश्न आम्हांला कोणी विचारील असे वाटले नव्हते. त्यांच्या आत्या मुंबईत एका शाळेत संगीत शिकवीत. त्या प्रभुचरणी गेल्या आणि त्यांचा जुना पियानो ह्या भाच्याच्या वाट्याला आला. जुन्या सामानाचा एक व्यापारी दहा हजार द्यायला तयार होता. आजच उचलतो म्हणाला. त्या गृहस्थांच्या परवानगीने हे लिहीत आहोत, नाव मात्र नको म्हणाले.

कापूस विकायचा तर आपण मलकापूरचा भाव विचारतो, खामगावचा विचारतो, मगच काटा लावू देतो. आईच्या पाटल्या मोडायची वेळ आली तर दोन सराफांच्या पायऱ्या चढतो. पण ज्या वस्तूचा भाव रोज कोणी सांगत नाही, तिथे पहिल्या आलेल्या माणसाचा शब्द आपण खरा धरतो, आणि तो माणूस तर घेणारा असतो! नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात असे एक गिऱ्हाईक भेटते. वस्तूला नावे ठेवून ती घेते आणि वाटेत स्वतःचीच पाठ थोपटते.

आम्ही मुंबईतील एका ओळखीच्या धर्मगुरूंना फोन केला. त्या शहरात फुर्टाडोसारखी १८६५ पासूनची वाद्यांची पेढी आहे, पियानो जुळवणारे कारागीर आहेत. कळले ते असे. पियानोच्या आत, बहुधा लोखंडी चौकटीवर, एक क्रमांक असतो. बनवणाऱ्याचे नाव आणि तो क्रमांक मिळाला की सहसा वर्ष कळते. पण जुना म्हणून मौल्यवान, असे मुळीच नाही. आत दोनशेहून अधिक तारा असतात, त्यांचा एकूण ताण कित्येक टनांचा. तो सोसता सोसता पियानो थकतो. खुंट्या सैल झाल्या की सूर टिकत नाही. नमद्याला कसर लागते, लाकडाला वाळवी. पट्ट्या हस्तिदंताच्या निघाल्या तर आधी वनखात्याला विचारावे लागते, कारण वन्यजीव कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. आणि मुख्य म्हणजे पियानो पाहणारा वेगळा असावा, घेणारा वेगळा. चर्चची मोठी मालमत्ता विकण्याआधी जाणकारांकडून लेखी मूल्यांकन घ्यावे, असे १९८३ च्या धर्मसंहितेतही सांगितले आहे.

इथे आम्हांला आमचीच एक गोष्ट आठवली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना फूटपाथवर आम्हांला एक जाडजूड लॅटिन शब्दकोश दिसला. विकणाऱ्याने वीस रुपये सांगितले. त्याची खरी किंमत आम्हांला पक्की ठाऊक होती. तरी आम्ही घासाघीस केली, पंधराला घेतला, आणि रात्री जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना दाखवला. पुढे संत ऑगस्टीन यांच्या पवित्र त्रैक्यावरील ग्रंथात एक प्रसंग वाचला. त्यांच्या माहितीतल्या एका माणसाला कोणी हस्तलिखित विकायला आणले. विकणाऱ्याला त्याचे मोल कळत नव्हते, म्हणून तो फार थोडे मागत होता. त्या माणसाने न मागता पुरते मोल दिले. तो शब्दकोश अजून आमच्या कपाटात आहे. फूटपाथवरचा तो माणूस पुन्हा सापडला नाही.

संत थॉमस अक्वायनस तर आणखी स्पष्ट आहेत. कोणी पितळ समजून सोने विकले आणि घेणाऱ्याने ते ओळखून घेतले, तर घेणाऱ्याने भरपाई केली पाहिजे. वस्तू देताना आपल्याला खरोखर तोटा होत असेल तर विकणाऱ्याने तो किमतीत धरावा, हे त्यांना मान्य आहे. पण समोरच्याची नड किमतीत धरू नये, कारण ती नड आपल्या मालकीची नाही. मोल अगदी रुपयापर्यंत ठरत नाही, थोडे इकडेतिकडे चालते, हेही ते म्हणतात. दहा हजार आणि चाळीस हजार यांतले अंतर मात्र इकडेतिकडे नव्हे.

चाळीस हजार हा आकडा कारागिराचा. त्याने फी घेतली, पियानो उघडून पाहिला आणि सांगितले, नीट असता तर एवढे आले असते. पण खुंट्या सैल आहेत, पंचवीसहून अधिक मागू नका. आता जुळवून ठेवला तर महिना दोन महिने छान वाजेल, हेही त्याने सांगितले. दरम्यान आत्यांच्याच चाळीतले एक कुटुंब मुलीसाठी पियानो घ्यायला पुढे आले. चकाकी पाहून ते आपणहून चाळीस म्हणाले.

गृहस्थ पुन्हा आमच्याकडे आले. व्यापाऱ्याने मला फसवू नये म्हणून मी चौकशी केली होती, म्हणाले. आता त्यांना खुंट्यांचे सांगू का? आम्ही वर लिहिलेले सगळे त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. नंतरचे दोन रविवार दिसलेही नाहीत. घरात पोराच्या फीची अडचण आहे हे आम्हांला माहीत होते, म्हणून आम्हीही फोन केला नाही.

तिसऱ्या रविवारी ते आले. त्या कुटुंबाला फोन करून सर्व सांगितले होते. सौदा बावीस हजारांवर ठरला. शिवाय आत्यांच्या स्वरलिपीच्या वह्या त्या मुलीला तशाच दिल्या. त्यांचे काही घ्यायचे का, हे मात्र त्यांनी आम्हांला विचारले नाही.