मुळात ते तसं नव्हतंच!

डिसेंबर लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर काही मेसेज न चुकता येतात. ‘तुम्हाला माहीत आहे का, येशूचा जन्म २५ डिसेंबरला झालाच नव्हता!’ ‘सांताला लाल कोट कोका-कोलाने चढवला!’ ‘जिंगल बेल्स हे ख्रिसमसचं गाणंच नाही!’

यातलं काही खरं आहे, काही नाही. बायबलमध्ये येशूची जन्मतारीख कुठेच दिलेली नाही, हे खरं. जेम्स पियरपॉन्टने १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जिंगल बेल्स’मध्ये ख्रिसमसचा उल्लेखसुद्धा नाही, हेही खरं. कोका-कोलाची गोष्ट मात्र चुकीची. हॅडन सन्डब्लॉम या चित्रकाराने कंपनीच्या जाहिरातींसाठी सांता रंगवायला घेतला तो १९३१मध्ये, आणि लाल कोटातला सांता त्याच्या कितीतरी आधी अमेरिकन मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकत होता.

पण गंमत या माहितीत नाही, ती पाठवणाऱ्याच्या सुरात आहे. ‘मुळात ते तसं नव्हतंच’ असं म्हणताना त्याला सुचवायचं असतं की हा सण पोकळ आहे आणि तो साजरा करणारे भोळसट आहेत. याच्या उलट बोलणारेही आपल्याला चांगले माहीत आहेत: ‘शेकडो वर्षं चालत आलंय, त्याला हात लावायचा नाही.’ दोघं एकमेकांशी कितीही भांडोत, एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे. परंपरेची किंमत तिच्या जन्मदाखल्यावरून ठरते, असं दोघंही धरून चालतात. खरंच ठरते का?

हा वाद व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा बराच जुना आहे. आणि तो सुरू करणारे नास्तिक नव्हते, कट्टर ख्रिस्ती होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत प्युरिटन पंथाचं राज्य होतं. तिथे १६५९ साली कायदा झाला: जो कोणी काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून ख्रिसमस पाळेल, त्याला ५ शिलिंग दंड. हा कायदा १६८१पर्यंत होता. तो रद्द झाल्यावरही बोस्टनचे धर्मोपदेशक इन्क्रीज मेदर यांचा विरोध मावळला नाही. १६८७ साली त्यांनी लिहिलं की या सणाची तारीख बायबलमधून आलेली नाही, ती रोमन लोकांच्या सॅटर्नेलिया उत्सवामुळे निवडली गेली. म्हणजे आज आपल्याला ‘धक्कादायक सत्य’ म्हणून येणारा फॉरवर्ड सव्वातीनशे वर्षांहून जुना आहे!

प्युरिटनांच्या तक्रारीत खरं तर दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. एक, सणाचं मूळ अशुद्ध आहे. दोन, त्या काळी ख्रिसमस म्हणजे दारू, जुगार आणि रस्त्यावरचा दंगा. दुसऱ्या तक्रारीत तथ्य होतं आणि तिला उत्तर देता येत होतं: दंगा थांबवा. पहिलीला उत्तरच नव्हतं, कारण भूतकाळ कुणाला बदलता येतो? मुळं खणायला बसलं तर काहीच ‘शुद्ध’ उरणार नाही. आपला ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला आहे. म्हणून तो मराठी नाही असं कोण म्हणेल?

आता दुसरी बाजू. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी मुलांना भेटी मिळतात त्या सिंटरक्लासकडून. ‘सांताक्लॉज’ हे नाव त्याच्याच नावावरून आलं. त्याच्यासोबत एक नोकर असतो, झ्वार्ते पीट, म्हणजे काळा पीट. वर्षानुवर्षं गोरे लोक तोंडाला काळा रंग फासून, कुरळ्या केसांचा टोप घालून, ओठ लालभडक रंगवून पीट होत आले. आक्षेप घेतला की उत्तर तयार असे: ही आमची परंपरा आहे.

किती जुनी? सिंटरक्लाससोबत काळा नोकर रूढ झाला तो यान स्खेंकमान या शिक्षकाच्या १८५० सालच्या मुलांच्या पुस्तकापासून. तेव्हा सुरिनामसारख्या डच वसाहतींत गुलामगिरी कायदेशीर होती. ती १८६३ साली संपली. पीट असा का दिसतो, हे या तारखांवरून समजतं. पण समजा, उद्या कुणी सिद्ध केलं की पीट हजार वर्षं जुना आहे आणि त्याचा गुलामगिरीशी काडीचाही संबंध नाही. तर शाळेत ‘ए पीट’ म्हणून चिडवलं जाणाऱ्या काळ्या मुलाला कमी लागेल का?

पंतप्रधान मार्क रुटे बरीच वर्षं पीटची बाजू घेत होते. २०२० साली त्यांनी संसदेत सांगितलं की आपलं मत बदललं आहे. ते इतिहासाच्या पुस्तकामुळे बदललं नव्हतं. पीटमुळे आपल्याला किती अपमानित वाटतं, हे त्यांना भेटलेल्या लोकांनी, लहान मुलांनीही, सांगितलं होतं. दरम्यान टीव्हीवर दिसणाऱ्या सिंटरक्लासच्या मुख्य मिरवणुकीतला काळा रंग गेला होता. आता पीटच्या गालावर धुराड्यातल्या काजळीचे चार फराटे असतात. मिठाई तीच, गाणी तीच, मुलांचा आनंदही तोच.

तर मग इतिहासाला काहीच महत्त्व नाही? आहे, आणि तेही बोस्टनमध्येच दिसतं.

६ डिसेंबर १९१७ला कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दोन जहाजांची टक्कर झाली. त्यातल्या एकात स्फोटकं भरलेली होती. स्फोटाने शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला, सुमारे २,००० माणसं गेली. बातमी कळताच त्याच रात्री बोस्टनहून डॉक्टर, नर्स आणि औषधं घेऊन आगगाडी निघाली. पुढच्या वर्षी हॅलिफॅक्सने आभार म्हणून बोस्टनला एक ख्रिसमस ट्री पाठवला. मग अनेक वर्षं काहीच नाही. १९७१ साली ही भेट पुन्हा सुरू केली ती ख्रिसमस ट्री पिकवणाऱ्यांच्या संघटनेने. आभार मानायचे होतेच, आणि आपली झाडं अमेरिकेत खपावीत हाही हेतू होता. तेव्हापासून दरवर्षी झाड जातं, आणि ज्या शहरात एकेकाळी ख्रिसमस पाळल्याबद्दल दंड होता, तिथल्या मैदानात ते दिव्यांनी उजळतं.

धंद्याचा हेतू होता म्हणून ही कृतज्ञता खोटी ठरते का? मला नाही तसं वाटत. त्या झाडाखाली उभं राहिलेल्या पोराला कुणीतरी १९१७ची गोष्ट सांगतं, तोवर ती खरी आहे. इथे इतिहास परंपरेच्या पोटातच आहे. तो काढून घेतला तर उरेल फक्त एक झाड.

म्हणजे इतिहास जरूर वाचावा. एखादी प्रथा अशी का आहे, हे त्याच्याशिवाय कळत नाही. पण ती पुढे चालवायची की नाही, हा प्रश्न आजचा आहे आणि त्याचं उत्तर आजच्या माणसांकडेच मागायला हवं: यात कुणाला जवळ घेतलं जातंय? आणि कुणाच्या अपमानावर आपला आनंद उभा आहे?

यंदा तो फॉरवर्ड आला, तर त्यातली तारीख जरूर तपासा. पण पाठवणाऱ्याला हेही विचारा: बरं, मूळ तसं नव्हतं. मग आज काय करूया?