रेघांतील भविष्य

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं, तींत एका माणसाचें सर्वस्व हिरावलें जाण्याची गोष्ट आहे याची आठवण आपणांस क्वचितच होते. ज्याला उद्देशून ती योजिली जाते तो बहुधा हंसून सोडून देतो. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तो स्वतःची परीक्षा घेत नसेल, असें मात्र समजूं नये. पूर्वीं ही परीक्षा ज्याची त्यानेंच घ्यावयाची असे. आतां ती यंत्रही घेऊं लागलें आहे, आणि त्यामुळें एक जुनाच नैतिक प्रश्न नव्या रूपानें आपल्या घरांत शिरला आहे.

या यंत्राची कथा थोडक्यांत अशी. जर्मनींतील येना येथील मानसोपचारज्ञ हान्स बर्गर यानें १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील सूक्ष्म विद्युत्-आंदोलनांची नोंद केली व १९२९ सालीं ती प्रसिद्ध केली. एकाच्या मनांतलें दूरच्या दुसऱ्यास कसें कळतें, या गूढाच्या शोधार्थ तो या मार्गास लागला होता. तें गूढ उकललें नाहीं. परंतु डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूंत सेकंदास सुमारें दहा आंदोलनांची एक लय चालू असते व डोळे उघडतांच ती ओसरते, असें त्यास आढळलें. हीच ‘अल्फा’ लय. १९३४ सालीं केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनीं दुजोरा दिला, तेव्हां कोठें विद्वानांचा संशय फिटूं लागला.

निरोगी प्रौढाची ही लय सेकंदास आठ ते तेरा आंदोलनांची असते. वार्धक्यांत ती किंचित् मंदावते. आणि अल्झायमरसारख्या रोगांत ती अधिक मंदावून ‘थीटा’ व ‘डेल्टा’ या संथ लाटांचें प्राबल्य वाढतें. गाढ झोपेंत ज्या संथ लाटा आरोग्याचें लक्षण, त्याच जागेपणीं अनारोग्याची खूण ठरतात. मात्र गुंगी आणणारीं औषधें, पेंग, थायरॉइड ग्रंथीची मंदता अशा कारणांनींही ही लय मंदावते. म्हणून केवळ या आलेखावरून कोणाही एका माणसाचें भवितव्य ठरवितां येत नाहीं. पुष्कळ माणसांविषयीं जें खरें, तें या माणसाविषयीं खरें असेलच असें नाहीं.

माझ्या लहानपणीं ज्यांनीं मला गणित शिकविलें, त्या वृद्ध गुरुजींना घरीं सर्व ‘नाना’ म्हणतात. गेल्या वर्षीं बोलतां बोलतां त्यांचे शब्द अडूं लागले, म्हणून मुलांनीं त्यांची तपासणी करविली. तींत हा आलेखही होता. “लय मंद आहे; आणखी तपासण्या करून मग ठरवूं,” असें डॉक्टरांनीं मुलांना सांगितलें. घरीं ठरलें कीं, नानांच्या कानांवर कांहीं घालावयाचें नाहीं. चार दिवसांनीं मी भेटावयास गेलों, तेव्हां नानांनीं दार लोटून घेतलें व म्हणाले, “तूं तरी खरें सांग. कागदांत काय निघालें तें मला ठाऊक नाहीं. पण बँकेचें पुस्तक माझ्या कपाटांतून गेलें आहे, आणि सूनबाई माझ्याशीं नातवाशीं बोलावें तशी बोलते.” मी कांहीं तरी सांगून विषय टाळला. ती माझी दया नव्हती, भीरुता होती, हें मला जिना उतरतांना कळलें.

न सांगण्याच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. ज्यावर हमखास इलाज नाहीं, तें कळून उपयोग काय? जेम्स वॉटसन या विख्यात शास्त्रज्ञानें २००७ सालीं स्वतःच्या आनुवंशिक द्रव्याचें वाचन करून घेतलें, पण अल्झायमरच्या संभवाशीं निगडित असलेला तेवढा भाग आपणांस कळूं नये, अशी अट घातली. न जाणण्याचाही माणसास अधिकार आहे, हें मला मान्य आहे. पण तो अधिकार वॉटसननें स्वतः बजाविला. त्याच्या वतीनें त्याच्या मुलांनीं नव्हे.

“निश्चित झाल्यावर सांगूं,” हेंही उत्तर पुरेसें नाहीं. निश्चिति होईपर्यंत थांबावें, तर कदाचित् ऐकणाऱ्याची समजण्याची शक्तीच ओसरलेली असावयाची. मृत्युपत्र करणें, कोणावर विसंबावें तें ठरविणें, कोणाची क्षमा मागणें, हीं कामें बुद्धि शाबूत आहे तोंवरच करतां येतात. शिवाय मौनही निःपक्षपाती नसतें. आलेखानें जो निकाल दिला नव्हता, तो त्या घरानें आपल्या वागण्यानें देऊन टाकला होता.

हें सर्व मी थोरल्या मुलास सांगितलें. तो प्रथम रागावला, मग बराच वेळ गप्प बसला. पुढल्या रविवारीं त्यानें वडिलांना विचारलें, “नाना, तुम्हांला तो कागद पाहावयाचा आहे का?” नानांनीं चष्मा पुसला, पेन्सिल मागितली, आणि सेकंदाच्या दोन उभ्या रेघांमधील लाटा मोजल्या. ठिकठिकाणीं सात भरल्या. यावरून काय ठरतें व काय ठरत नाहीं, तें मुलानें सांगितलें. नाना म्हणाले, “म्हणजे सध्यां गाडी सावकाश चालली आहे, एवढेंच नक्की. मग मला बोलावयास थोडा अधिक वेळ देत जा. आणि माझें पुस्तक कपाटांत परत ठेव. तें कोणाच्या हातीं द्यावयाचें, तें मी सांगेन.”

पुस्तक त्याच संध्याकाळीं परत आलें. पुढें काय व्हावयाचें तें होईल. परंतु तें आतां नानांच्या पाठीमागें होणार नाहीं.