बाद झालेल्या तापांचा हिशेब

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या मृत्यूनोंदींत 'रेमिटंट फीवर' हे कारण सर्रास लिहिले जाई. कमीजास्त होणारा, पण पूर्ण न उतरणारा ताप, एवढीच त्याची ओळख. लक्षणावर बांधलेल्या या एका गटात हिवताप होता, विषमज्वर होता, आणखीही काही होते. १८७७ च्या दुष्काळात डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांना इथल्या रुग्णांच्या रक्तात मळसूत्री जंतू दिसले आणि उलटून येणारा ताप हा स्वतंत्र रोग असल्याचे मुंबईत सिद्ध झाले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. चिंचपोकळीच्या आर्थर रोड रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, प्लेगचे रोगी दाखल होऊ लागले. पण प्लेग म्हटले की माणूस घरातून उचलून नेणार, या धास्तीने कितीतरी मृत्यू दुसऱ्याच तापांच्या नावावर चढले. संकल्पना मुळात सैल होतीच, त्यात भीतीने तिचा आडोसा केला.

अशी संकल्पना चुकीची ठरली की तिचे करायचे काय? १८९३ ची बर्टिलाँ यांची मृत्युकारणांची यादी आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या यांचा मार्ग सरळ होता: ठरावीक काळाने नवी यादी काढायची. त्यात जुन्या आकड्यांची नव्याशी तुलना दर वेळी अवघड होई. आज भारतात सी-डॅक, पुणे यांच्यामार्फत मिळणाऱ्या 'स्नोमेड सीटी' या वैद्यकीय परिभाषेत वेगळी रीत आहे. चुकीची संकल्पना पुसली जात नाही. ती निष्क्रिय होते, तिचा क्रमांक पुन्हा कोणाला दिला जात नाही, आणि ती का काढली व तिच्या जागी काय पाहावे, हे तिच्यासोबत नोंदवता येते. मला ही रीत निव्वळ तांत्रिक सोय वाटत नाही. जुन्या केसपेपरवर डॉक्टरांनी त्या दिवशी काय मानले होते, तो पुरावा तिच्यामुळे टिकतो.

यावर आक्षेप येतो, की हा पसारा सांभाळण्यापेक्षा संगणकानेच जुने नाव बदलून नवे का घालू नये? एकच संकल्पना चुकून दोनदा नोंदली गेली असेल, तर जरूर घालावे. पण 'रेमिटंट फीवर'च्या जागी सरसकट 'हिवताप' लिहिला, तर १८९६ मध्ये दडवलेला प्लेगचा मृत्यू दुसऱ्यांदा दडपला जाईल, आणि तोही खात्रीच्या सुरात. म्हणूनच 'याच्या जागी हे' आणि 'कदाचित यांपैकी एक' हे दोन दुवे स्नोमेडमध्ये वेगळे आहेत. दुसरा आक्षेप गर्दीचा: ओपीडीतल्या डॉक्टरला बाद नावे कशाला दाखवायची? दाखवूच नयेत. नवे निदान नोंदवताना ती यादीत येऊ नयेत, जुनी फाइल उघडली की मात्र कारणासकट दिसावीत. हे काम वेळखाऊ आहे, संदिग्ध नोंदींपुढे जाणत्या माणसाला बसवावे लागते, आणि रुग्णालयांनी त्यासाठी वेगळा वेळ व पैसा ठेवायला हवा.