बंद दाराच्या आत जाणारे



ईस्टरकाळाच्या दुसऱ्या रविवारी ख्रिस्तसभा दरवर्षी संत योहानच्या शुभवर्तमानातील एकच प्रसंग आपल्यापुढे ठेवते. शिष्य एका खोलीत जमले आहेत. भीतीपोटी त्यांनी दारे आतून लावून घेतली आहेत. अशा वेळी पुनरुत्थित प्रभू त्या बंद दाराच्या आत येतो, त्यांच्यामध्ये उभा राहतो, त्यांना शांती देतो, आपल्या हातांवरच्या आणि कुशीतल्या जखमा दाखवतो. मग पित्याने त्याला जसे पाठवले तसेच तो त्यांना पाठवतो. ज्या ठिकाणी भीती आहे तिथे आत शिरणारा आपला प्रभू आहे, हे या प्रसंगाचे सार आहे.

याच आठवड्यात १४ एप्रिल येत आहे. हा दिवस आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीचा म्हणून ठाऊक आहे. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो आणि २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सप्ताह चालतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. हा दिवस आपल्या मुंबईने देशाला दिला आहे, आणि त्यासाठी मोठी किंमत मोजली आहे.

१९४४ साली दुसरे महायुद्ध चालू होते. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे मालवाहू जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे मुंबईला आले आणि १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत लागले. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, सोन्याच्या विटा होत्या आणि कराचीला भरलेल्या कापसाच्या गासड्याही होत्या. स्फोटके आणि कापूस एकाच जहाजात! दोन दिवस झाले तरी हा माल उतरवून झाला नव्हता. १४ तारखेला, शुक्रवारी, दुपारी दोनच्या सुमारास जहाजाच्या पोटातून धूर येऊ लागला. अग्निशमन दलाचे जवान धावून आले. ९०० टनांहून अधिक पाणी आत सोडले गेले, पण दाट धुरामुळे आगीचे मूळच सापडेना. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. गोदीतील जहाजे बुडाली, पेटते तुकडे आसपासच्या वस्तीवर पडले, दूर सिमल्याच्या भूकंपमापकावरही तो धक्का नोंदला गेला. आठशेहून अधिक माणसे मरण पावली असे मानले जाते. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यांत होते. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले.

तो शुक्रवार ईस्टरच्या आठवड्यातला होता. दोन दिवसांनी, १६ एप्रिलला, आजचाच हा रविवार होता. त्या काळी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे, पण शुभवर्तमान हेच होते. मुंबईच्या चर्चमध्ये बंद दाराचा हा प्रसंग वाचला जात होता तेव्हा गोदीकडची आग अजून पुरती विझलेली नव्हती. त्या दिवशी मिस्सेला बसलेल्या लोकांच्या मनात काय आले असेल, याचा विचार आपण आज करू या.

मुंबई अग्निशमन दलाची स्थापना १८८७ सालची. त्याच्या बोधवाक्यात तीन शब्द आहेत : शौर्य, आत्मसंयमन आणि त्याग. आम्हांला वाटते, हे तीन शब्द आपणा ख्रिस्ती माणसांनाही पुष्कळ काही शिकवू शकतात.

पहिला शब्द शौर्य. आग लागली की आतली माणसे बाहेर धावतात. हे स्वाभाविक आहे, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. त्याच वेळी, त्याच जिन्यावरून, काही माणसे वर जात असतात. आत कोण अडकले आहे, त्याचा धर्म कोणता, जात कोणती, तो भाडेकरू की मालक, हे ती विचारत नाहीत. दयाळू शोमरोनी वाटेवरच्या जखमी माणसासाठी थांबला, तेव्हा त्यानेही चौकशी केली नव्हती. असे काम करणाऱ्याला आपल्या गणवेशाचा अभिमान वाटतो आणि तो वाटलाच पाहिजे. गर्व हे सात प्रमुख पापांतले पहिले पाप, असे आपण धर्मशिक्षणात शिकलो. पण गर्विष्ठ माणूस स्वतःला इतरांपासून वेगळा आणि उंच समजतो. अग्निशमन दलाच्या जवानाचा अभिमान आपल्या तुकडीचा असतो. धुरात एकट्याने जायचे नाही हा त्यांचा नियम आहे. सोबत्याला आत टाकून कोणी बाहेर येत नाही. या अभिमानाला पाप म्हणता येणार नाही. आपल्या कुटुंबांत आणि आपल्या मंडळांत असा अभिमान आणखी असता तर बरे झाले असते.

दुसरा शब्द आत्मसंयमन. शौर्याच्या शेजारी हा शब्द पाहून काहींना आश्चर्य वाटेल. ॲरिस्टॉटलने सांगितले आहे की धैर्य हे भित्रेपणा आणि बेफामपणा यांच्या मधोमध असते. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी त्यात मोलाची भर घातली : धैर्याचे मुख्य काम चाल करून जाणे हे नसून संकटापुढे न डगमगता टिकून राहणे हे आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ही गोष्ट पुस्तकातली वाटते. अग्निशमन केंद्रात ती रोज पाहायला मिळते.

आगीत माणूस ज्वाळांपेक्षा धुराने अधिक मरतो. म्हणून आत जाणारा पाठीवर हवेचा सिलिंडर घेतो. ती हवा फार तर अर्धा-पाऊण तास पुरते. जिने चढताना, माणूस उचलताना श्वास जोरात चालतो, मग ती आणखी लवकर संपते. आत डोळ्यांना काही दिसत नाही. जमिनीलगत वाकून, भिंत चाचपत पुढे जावे लागते, आणि परतीची वाट चुकू नये म्हणून पाण्याच्या होजचा आधार घ्यावा लागतो. कोण आत गेले, किती वाजता गेले, हे बाहेर एकाने नोंदून ठेवायचे असते. हवा संपत आल्याचा इशारा वाजला की बाहेर यायचे, मन कितीही पुढे ओढत असले तरी. यातले काहीही त्या क्षणी सुचत नाही. रोजची कवायत, रोज गाडी तपासणे, रोज होज पसरणे आणि गुंडाळणे, यांतून ते अंगात मुरते. आग नसलेल्या शेकडो दिवसांत त्या एका दिवसाची तयारी होत असते.

बंधुभगिनींनो, आपल्या आध्यात्मिक जीवनाचेही असेच आहे. मोठ्या संकटाच्या दिवशी श्रद्धा एकाएकी उगवत नाही. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना, रविवारची मिस्सा, जिभेवर ठेवलेला ताबा, शेजाऱ्याला केलेली छोटी मदत ही आपली कवायत आहे. ती कंटाळवाणी वाटते. पण घरात आजार येतो, नोकरी जाते, मूल वाट चुकते, त्या दिवशी याच सवयी आपल्याला धुरातून बाहेर काढतात.

तिसरा शब्द त्याग. २०१५ साली ९ मे रोजी मुंबईत काळबादेवीला एका जुन्या इमारतीला आग लागली. इमारतीचा भाग कोसळून अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. त्यांत दलाचे प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर होते. हाताखालच्या माणसांना आत पाठवून ते स्वतः सुरक्षित अंतरावर थांबले नव्हते. ख्रिस्तसभेत ज्यांच्याकडे अधिकार आहे अशा आम्हां धर्मगुरूंनी यावर विशेष चिंतन करायला हवे.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाला फादर मायकल जज नावाचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू लाभले होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी जुळ्या मनोऱ्यांवर विमाने आदळली, तेव्हा हे फादर जवानांबरोबर उत्तरेकडच्या मनोऱ्यात गेले आणि तिथे प्रार्थना करत राहिले. दक्षिणेकडचा मनोरा कोसळला तेव्हा उडालेल्या ढिगाऱ्याने त्यांचा मृत्यू झाला. मृतांच्या अधिकृत नोंदीत त्यांचे नाव पहिले आहे. त्यांचा देह जवळच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये नेऊन वेदीपुढे ठेवण्यात आला. त्या दिवशी त्या दलाने ३४३ माणसे गमावली. त्या शहरात तारायंत्राच्या काळापासून एक रीत आहे. कर्तव्यावर कोणी मरण पावले की पाच-पाच ठोके चार वेळा देऊन ती बातमी सर्व केंद्रांना कळवायची. आपल्या गावात कोणी वारले की चर्चची घंटा होते आणि शेतात काम करणारा माणूसही क्षणभर थांबतो. त्या ठोक्यांचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.

पोप फ्रान्सिस यांनी ११ जुलै २०१७ रोजी एक आज्ञापत्र काढले. एरवी धन्यवादित होण्यासाठी श्रद्धेपायी रक्त सांडणे किंवा असामान्य सद्गुणी जीवन हे प्रमुख मार्ग मानले जात. पोप महोदयांनी त्यांत आणखी एक मार्ग जोडला : परप्रेमापोटी, स्वेच्छेने, मरण समोर दिसत असताना आपले जीवन अर्पण करणे. मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, या प्रभूच्या शिकवणीवरच ते आज्ञापत्र आधारले आहे. अग्निशमन दलाच्या जवानांचे आश्रयदाते संत फ्लोरियन हे रोमन सैन्यातील अधिकारी होते. इसवी सन ३०४ च्या सुमारास, श्रद्धा सोडायला नकार दिला म्हणून, त्यांना आजच्या ऑस्ट्रियातील एन्स नदीत बुडवून मारण्यात आले. त्यांचा सण ४ मे रोजी येतो आणि त्याच दिवशी जगभर अग्निशमन जवानांचा आंतरराष्ट्रीय दिन पाळतात.

आता आपल्याविषयी. त्यागाचे कौतुक करणे सोपे असते. टाळ्या वाजवून आपण घरी जातो. पण दुसऱ्याच्या त्यागाची वेळ आपल्या निष्काळजीपणामुळे येत असेल, तर त्या टाळ्यांना काय अर्थ? १९४४ च्या त्या ६६ जवानांनी जहाजात कापूस भरला नव्हता. तो निर्णय इतरांचा होता, मरण मात्र त्यांच्या वाट्याला आले. फार लांब जायला नको. आपल्या विरारमध्ये २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोविडचे किमान १३ रुग्ण दगावले. त्या कुटुंबांचे दुःख आपण जवळून पाहिले आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. रविवारी मिस्सेच्या वेळी चर्चच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना आपल्या गाड्या आणि स्कूटर उभ्या असतात. त्याच वेळी आतल्या एखाद्या आळीत आग लागली, तर बंब कुठून जाणार? तो नाक्यावर अडकेल आणि आपण आत शांतीची प्रार्थना म्हणत असू. इमारतीत राहणाऱ्यांनी आपला जिना एकदा पाहावा. जुनी कपाटे, सायकली, रद्दी, चपलांचे स्टँड यांतून धुरात वाट काढता येईल का? महाराष्ट्रात २००६ साली झालेल्या कायद्याप्रमाणे सोसायटीतील आग विझवण्याची साधने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारकाकडून तपासून तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. आपल्या सोसायटीत हे होते का, एवढे विचारायला धैर्य लागत नाही. नाताळात आपण सुक्या पेंढ्याचा गोठा करतो, त्यात दिव्यांची माळ सोडतो आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला घर बंद करून येतो. ग्रोटोपुढे मेणबत्त्या लावून निघून जातो. या भक्तीला दोन मिनिटांच्या दक्षतेची जोड द्यायला हवी. आणि १०१ हा क्रमांक घरातल्या लहान मुलांनाही पाठ असू द्या.

आणखी एक प्रश्न आईवडिलांना. आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी अग्निशमन दलात जाऊ म्हणाली, तर आपण काय उत्तर देऊ? बहुतेक घरांत विषय तिथेच मिटवला जाईल. बँक आहे, परदेश आहे, जीव धोक्यात घालायचा कशाला? ही काळजी आम्हांला समजते. पण आपल्या घराला आग लागते तेव्हा कोणाच्या तरी मुलाने आत यावे अशीच आपली अपेक्षा असते. त्या मुलालाही आई आहे. रात्रपाळीच्या दिवशी फोन वाजला की तिच्या पोटात गोळा येतो. निदान ज्या घरांनी आपली मुले या सेवेला दिली आहेत, त्यांची विचारपूस तरी आपण करू या.

पुनरुत्थित प्रभूने आपल्या जखमा पुसून टाकल्या नाहीत. त्या दाखवूनच त्याने थॉमसला श्रद्धेकडे आणले. आगीत भाजलेले हात आणि काळवंडलेले चेहरे ज्यांना आयुष्यभर वागवावे लागतात, त्यांच्याकडे पाहताना आपल्याला त्या जखमांची आठवण व्हावी.

प्रार्थना करू या : हे प्रभो, तू भीतीने बंद झालेल्या दाराच्या आत आलास. जे इतरांसाठी धुरात आणि ज्वाळांत शिरतात त्यांच्याबरोबर आत जा आणि त्यांना सुखरूप बाहेर आण. १९४४ साली गोदीत आणि त्यानंतर कर्तव्य करताना मरण पावलेल्या सर्वांना तुझ्या घरी चिरशांती दे. त्यांच्या पत्नींना, मुलांना, आईवडिलांना आधार दे. आमच्या हलगर्जीपणामुळे कोणाला प्राण द्यावा लागू नये एवढी जागरूकता आम्हांला दे. आमेन.

सर्वांना पुनरुत्थित प्रभूची शांती लाभो.

आपले,
प्रमुख धर्मगुरू