आधी खेळ सांग, मग मशीन ठरवू

चि. भाच्यास,


तुझा निरोप आणि दुकानदाराच्या कोटेशनचा फोटो, दोन्ही मिळाले. माइनक्राफ्टमध्ये मोठा मोडपॅक घालून मित्रांबरोबर खेळायचं, पुढे स्कायरिमही मॉड घालून खेळायचं, मॉनिटर घरी आहे आणि बाबांनी ५०,००० रुपयांची मर्यादा घातली आहे, हे सगळं लक्षात आलं. कोटेशनवर ठळक अक्षरांत ‘गेमिंग पीसी’ आहे, आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड आणि चार रंगीत पंखे आहेत. आय७ कोणत्या पिढीचा, रॅमच्या पट्ट्या किती, कार्डाचं पूर्ण नाव काय, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कोणाचा, यातलं काहीच नाही. हे मशीन घेऊ नकोस.

बाजारात ‘आय७’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या मशीनमध्ये बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो. आय७-२६०० हा २०११ सालचा. त्यानंतर अकरा वर्षांनी आलेला साधा आय३-१२१००एफ एका कोअरच्या वेगात त्याच्या जवळजवळ दुप्पट चालतो. शिवाय विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. ‘४ जीबी कार्ड’ या शब्दांआड बऱ्याचदा जीटी ७३० दडलेलं असतं. त्यावर मेमरी आहे, पण ती वापरण्याइतकं बळ त्या चिपमध्ये नाही. आकडा मोठा दिसावा म्हणून मेमरी चिकटवलेली असते, एवढंच.

आता मुद्द्याचं. मॉड म्हणजे बाहेरच्यांनी लिहिलेली भर; ती घातलेला खेळ कंपनीने विकलेला खेळ राहत नाही. कंपनी आपला खेळ ठरावीक मशीनवर तपासून ‘एवढं मशीन लागेल’ असं छापते. तू त्यात २०० मॉड घातलेस की त्या छापील यादीला अर्थ उरत नाही, कारण तुझी ती २०० मॉडची जुळणी जगात कुणीच तपासलेली नसते. म्हणून ‘चांगला गेमिंग पीसी कोणता’ हा प्रश्न तुझ्या कामाचा नाही. तुझ्या खेळात मशीनचा कोणता भाग आधी दमतो, हे शोधायचं आणि पैसा तिथे घालायचा. गंमत अशी की तुझे दोन्ही खेळ एका आठवड्याच्या अंतराने आलेले आहेत. स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ला आला आणि माइनक्राफ्टची पहिली पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबरला. तरी दोघांची भूक अगदी वेगळी आहे.

माइनक्राफ्टपासून सुरू करतो, कारण तुझा बहुतेक वेळ तिथेच जाणार. मोठे मोडपॅक जावा आवृत्तीवरच चालतात. खेळाचं जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकतं, त्या प्रत्येक पावलाला टिक म्हणतात. म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात गाईगुरं हलली पाहिजेत, शेती वाढली पाहिजे, तुझ्या कारखान्यातल्या मशीन आणि पाइप चालले पाहिजेत. हे बरंचसं काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर होतं. म्हणून १२ कोअरचा संथ प्रोसेसर इथे कमी पडतो आणि ६ कोअरचा चपळ प्रोसेसर निभावून नेतो. टिकचं काम ५० मिलिसेकंदांत संपलं नाही, की दार उघडायला उशीर लागतो, फोडलेला ठोकळा परत जागेवर येतो. पडद्यावर मात्र ९० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं, दिसत असतात. अशा वेळी नवं ग्राफिक्स कार्ड आणून काहीही सुधारत नाही, कारण दमलेला असतो प्रोसेसर. हा फरक न कळल्यामुळे किती मुलांच्या घरच्यांचे पैसे वाया जातात! खेळात एफ३ दाबलंस की एफपीएस आणि मेमरी दिसते, आणि ‘स्पार्क’ नावाचा मॉड घातलास तर टिकचा वेळ कोणता मॉड खातोय तेही कळतं.

दुसरी गोष्ट कॅशची. प्रोसेसरच्या पोटातली ही छोटी, जलद मेमरी. मॉड घातलेला माइनक्राफ्ट मेमरीत सतत इकडेतिकडे शोधाशोध करत असतो, त्यामुळे मोठ्या कॅशचा त्याला खूप उपयोग होतो. रायझन ५६०० आणि ५६००जी, नावं सारखीच, कोअरही सहा-सहा; पण पहिल्यात ३२ एमबी एल३ कॅश आहे, दुसऱ्यात १६. ५६००जीमध्ये ग्राफिक्स आतच असतं, म्हणून कार्डाशिवाय काम भागतं आणि दुकानदार तो आनंदाने सुचवतो. पण ते आतलं ग्राफिक्स तुझ्याच रॅममधून वाटा घेतं, आणि मोडपॅकला ती रॅम हवी असते. तू पुढे स्कायरिमकडे जाणार आहेस, म्हणून माझं मत ५६०० आणि वेगळं कार्ड या बाजूने आहे. नुसता माइनक्राफ्टच खेळायचा असता, तर ५६००जीवर मी हरकत घेतली नसती.

रॅम. मोठ्या मोडपॅकला जावासाठी ६ ते ८ जीबी द्यावी लागते. मग विंडोज, ब्राउझर, मित्रांशी बोलायचं डिस्कॉर्ड, यांचाही वाटा धर. एकट्यापुरती १६ जीबी पुरते. त्याच मशीनवर मित्रांसाठी वेगळा सर्व्हर चालवायचा ठरवलंस तर जावाची दोन बिऱ्हाडं होतात आणि ३२ लागते. एक खबरदारी सांगतो. रॅम जास्त आहे म्हणून लाँचरमध्ये सगळीच खेळाला देऊन टाकू नकोस. जावा वापरून झालेली मेमरी मधूनमधून झाडून काढते. ढीग फार मोठा होऊ दिला तर झाडतानाचा थांबाही लांबू शकतो आणि खेळ क्षणभर गोठतो. विंडोजलाही श्वास घ्यायला जागा उरत नाही. ८ जीबीने सुरुवात कर, एफ३वर बघ, गरज दिसली तरच वाढव. आणि रॅम नेहमी दोन पट्ट्यांत घ्यायची. १६ची एक पट्टी घेतलीस तर प्रोसेसरला मेमरीकडे जायचा एकच रस्ता मिळतो, ८-८च्या दोन घेतल्यास दोन. मदरबोर्ड चार स्लॉटचा असेल तर पुढे तशाच आणखी दोन बसवता येतील. एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीला मागणी फार वाढली आहे आणि भाव चढले आहेत, म्हणून कोटेशनमध्ये रॅमची किंमत वेगळी लिहून माग.

पैसे खर्च करण्याआधी फुकटचं बळ घे. सोडियम चित्र रेखाटायचं काम हलकं करतो, लिथियम टिकचं काम, फेराइटकोअर मेमरी वाचवतो. कुणीतरी रात्री जागून लिहिलेले हे मॉड आहेत, आणि त्यांनी ते जगाला फुकट दिले आहेत. आता तुझ्याकडे आहे त्या मशीनवर हे तिन्ही घालून बघ. कदाचित खरेदी दिवाळीपर्यंत लांबवता येईल.

स्कायरिमची गोष्ट निराळी. मूळ खेळ ३२ बिटचा होता, त्याला फार तर ४ जीबी मेमरी दिसायची आणि मॉडवाले तिथेच अडायचे. ऑक्टोबर २०१६मध्ये स्पेशल एडिशन ६४ बिटमध्ये आली आणि ती भिंत गेली. तू तीच घे. इथे भार येतो ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीवर, कारण लोक दगड, झाडं, चेहरे, कपडे, सगळ्याची टेक्श्चर बदलतात. हिशेब करून बघ. ४के टेक्श्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ ठिपके. आजच्या चांगल्या कॉम्प्रेशनमध्येही एका ठिपक्याला एक बाइट, म्हणजे १६ एमबी. दुरून दिसण्यासाठीच्या लहान प्रती धरून साधारण २१. तेच २के घेतलंस तर सव्वापाच. समोर असे २०० पृष्ठभाग असले तर एकीकडे चार जीबीच्या वर आणि दुसरीकडे जेमतेम एक. तुझा मॉनिटर १०८०पीचा, त्यावर मुळात सुमारे २१ लाख ठिपके. एका बादलीचं ४के टेक्श्चर १ कोटी ६७ लाख ठिपक्यांचं! ते तुला दिसणारच नाही. म्हणून २के टेक्श्चर घ्यायची आणि ८ जीबीचं कार्ड. आरएक्स ६६००सारखं कार्ड १०८०पीला छान पुरतं. जुन्या मंचावर ‘माइनक्राफ्टला एएमडीचं कार्ड नको’ असं वाचशील. ते एके काळी खरं होतं, पण जुलै २०२२मध्ये त्यांनी विंडोजवरचा ओपनजीएल ड्रायव्हर मोठ्या प्रमाणात सुधारला आणि ती तक्रार बरीच मिटली.

स्कायरिम जागाही फार खातो. टेक्श्चरच्या याद्या बघता बघता १०० जीबीच्या पुढे जातात. म्हणून एसएसडी १ टीबीची, एनव्हीएमई. फार महाग, फार वेगवान घ्यायची गरज नाही, खेळ उघडण्यात फारसा फरक पडत नाही. मॉड लावायला मॉड ऑर्गनायझर २ वापर. तो मूळ खेळाच्या फोल्डरला हात न लावता मॉड वेगळे ठेवतो, बिघडलं की एकेक काढून बघता येतं. आणि खेळ आपोआप अपडेट होऊ देऊ नकोस. नोव्हेंबर २०२१च्या अपडेटनंतर स्क्रिप्ट एक्स्टेंडर या पूरक प्रोग्रॅमवर बेतलेले कितीतरी मॉड एका रात्रीत बंद पडले होते.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, एसएमपीएस. या एकाच ठिकाणी मी तुला कंजुषी करू देणार नाही. ५६०० आणि आरएक्स ६६०० मिळून मशीन ३०० वॉटच्या आतच चालतं; कार्ड १३२ वॉटचं आहे. त्यामुळे ७५०चा एसएमपीएस घेऊन पैसे घालवायचे नाहीत, पण ५०० ते ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळणारा नको. तुमच्याकडे वीज जाते-येते, व्होल्टेज खालीवर होतं. स्वस्त एसएमपीएस गेला तर एकटा जात नाही, मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. घरच्या प्लगला अर्थिंग नीट आहे का, हे मशीन यायच्या आधी वायरमनकडून तपासून घे, आणि जमलं तर छोटा यूपीएस. वीज गेल्यावर जग सेव्ह करायला दोन मिनिटं मिळाली, तरी महिनाभराचं बांधकाम वाचतं.

कॅबिनेट समोरून जाळीचं असावं. काचेचं सुंदर दिसतं, पण मे महिन्यात आत हवा गेली नाही तर प्रोसेसर तापून आपणहून वेग कमी करतो. मदरबोर्ड बी५५० मिळाला तर उत्तम, बी४५०ही चालेल.

मर्यादेत बसत नसेल तर कशाला कात्री लावायची? आधी रंगीत पंखे आणि दिवे. मग नवं कार्ड. ते वापरलेलं घेता येईल. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि तेव्हापासून मायनिंगमधली असंख्य कार्डं बाजारात फिरताहेत. मायनिंगचं आहे म्हणून कार्ड वाईटच असतं असं नाही, पण अर्धा तास समोर चालवून बघितल्याशिवाय घेऊ नये. पंख्याचा आवाज, तापमान, पडद्यावर ठिपके, सगळं बघ. आरएक्स ५८० दाखवला तर ‘२०४८एसपी’ लिहिलंय का विचार. ती कापलेली आवृत्ती आहे, भाव पूर्ण आवृत्तीचा सांगतात. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र वापरलेली घ्यायची नाही.

दुकानाबद्दल. लॅमिंग्टन रोडला मी तुझ्याबरोबर येईन. तिथे एकाच दुकानात सगळं घ्यायचं असा नियम नाही. तीन ठिकाणची कोटेशनं घ्यायची, प्रत्येक वस्तूचं पूर्ण मॉडेल नाव लिहून. बिल जीएसटीचंच घ्यायचं, त्यावर सिरियल नंबर हवेत. ‘बिलाशिवाय १८ टक्के वाचतील’ असं कुणी म्हणालं की तिथून उठायचं, वॉरंटीच्या वेळी तो कागदच विचारतात. प्रोसेसर बॉक्समधला घ्यायचा, त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुटा ट्रे प्रोसेसर नको. जोडणी मात्र दुकानात करवू नकोस. आपण घरी बसून जोडू. पुढे रॅम वाढवताना, धूळ साफ करताना तुला कुणाच्या दारात जावं लागणार नाही.

मॉड कुठूनही उतरवू नकोस. मॉडची जार फाइल हा पूर्ण प्रोग्रॅम असतो, तो तुझे पासवर्डही वाचू शकतो. जून २०२३मध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा व्हायरस नावाजलेल्या साइटवरच्या मॉडमध्ये शिरला होता. म्हणून मोडरिंथ, कर्सफोर्ज, नेक्सस यांच्यापुरतंच राहा, आणि तिथेही अगदी काल टाकलेला अनोळखी मॉड लगेच उचलू नकोस. बाबांचं नेट बँकिंग याच मशीनवर चालणार असेल, तर त्यांना वेगळा कॉम्प्युटर वापरू दे.

लॅपटॉपचा विचार आईने सुचवलाय. कॉलेजसाठी तिचं म्हणणं बरोबर आहे, पण याच पैशांत मिळणाऱ्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅम बोर्डावर डकवलेली असते आणि त्याच नावाचं कार्ड डेस्कटॉपपेक्षा कमी वॉटवर चालतं. मॉडच्या खेळाला पुढे वाढवता येणारं मशीन हवं. आईला हे मी समजावतो.

आता तू दोन गोष्टी पाठव. कोणता मोडपॅक, माइनक्राफ्टची कोणती आवृत्ती, ते लिही, कारण १.१२.२ला जावा ८ लागतं आणि १.२०.५ला जावा २१. आणि सध्याच्या मशीनवर खेळ अडखळत असताना एफ३ दाबून पडद्याचा फोटो काढ. ते बघून यादी पक्की करू आणि खरेदी करायचीच ठरली तर येत्या शनिवारी बाजारात जाऊ. तोवर कुणालाही अ‍ॅडव्हान्स देऊ नकोस.

तुझा,
मामा